कोपी सांभाळणारी मुलगी

एका कोयत्याला आज लाखाच्या आसपास उचल, म्हणजे तोडणीआधीची आगाऊ रक्कम, मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला साधारण ३६६ रुपये पडू लागले. त्या दराने लाख रुपये फेडायचे तर पावणेतीनशे टनांच्या आसपास ऊस तोडावा लागतो. धडधाकट जोडी दिवसाला दोन टनांपर्यंत जाते. म्हणजे एकही खाडा न होता साडेचार महिने कोयता चालला पाहिजे. २०२४-२५ चा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला आणि बऱ्याच कारखान्यांचा पट्टा मार्चच्या मध्यापर्यंत पडलासुद्धा, म्हणजे गाळप संपलं. शिवाय चार महिने पोटाला लागतं ते वेगळंच. त्यासाठी दर पंधरवड्याला मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून खर्ची घ्यायची, आणि तीही उचलीवर चढत जाते.

आता या हिशेबात बारा वर्षांचा मुलगा घाला. त्याने पाचट बाजूला ओढलं, तोडलेला ऊस गोळा करून मोळीसाठी लावून ठेवला, वाढ्यांच्या पेंढ्या बांधल्या, तर बापाचा हात कोयत्यावरून निघत नाही आणि आईचं वाकणं-उठणं अर्ध्यावर येतं. दिवसाकाठी अर्धा टन वाढतो. तेच पावणेतीनशे टन मग एकशेदहा दिवसांत होतात. हंगाम संपायच्या आत अंगावरचे पैसे फिटतील, अशी आशा घराला वाटते ती या अर्ध्या टनामुळे.

मी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हे गणित मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. चौथीनंतर शाळा सोडलेल्या एका वडिलांनी शाळेच्या ओट्यावर बसून मला ते बोटांवर मोजून दाखवलं. मुलाला नेऊ नका, हंगामी वसतिगृहात ठेवा, असं मी त्यांना सांगत होते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, लेकराला शाळंत ठिवायचं मलाबी कळतंय. पण अंगावर पैसे हायेत. ते कुणाच्या हातानं फेडू?"

प्रशिक्षणांमध्ये, बैठकांमध्ये एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे: पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचं महत्त्व पटत नाही. ज्यांनी हे वाक्य तयार केलं त्यांनी आमच्या गावातल्या एखाद्या घरात दिवाळीच्या आधल्या आठवड्यात जाऊन बसावं. तिथे आई पत्र्याच्या पेटीत भांडी भरत असते आणि मधूनच विचारते, "परीक्षेला आणून बसवलं तर चालंल का हो?" महत्त्व पटलेलं असतं. त्यावर अंमल करण्याची ताकद घराबाहेर गेलेली असते, आणि ती जाते पावसाळ्यातच, उचल घेतली त्या दिवशी.

उचल का घेतात, हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. आमच्याकडची जमीन मुरमाड. दोन-तीन एकरांत बाजरी, तूर, थोडा कापूस, अलीकडे सोयाबीन. पाऊस बेभरवशाचा. बरं वर्ष असलं तर घर वर्षाचं धान्य खातं. पण घराला अडचण येते ती एकदम येते. सासऱ्यांचं ऑपरेशन, नणंदेचं लग्न, बोअर, पडलेली भिंत. पन्नास हजार, सत्तर हजार आजच्या आज लागतात. बँक पीककर्ज देते, तेही सातबारा असेल तर आणि जुनं थकलेलं नसेल तर. दवाखान्यासाठी कोण देणार? मुकादम देतो. रात्री नऊ वाजता दारात येऊन रोख मोजून देतो, कागद मागत नाही. त्याच्याइतकी तत्पर व्यवस्था या डोंगरात दुसरी नाही. म्हणून दोन-चार एकर असलेली घरंही ऊस तोडायला जातात. गरिबी हे कारण सगळेच सांगतात. मला दिसतं ते असं, की रोजची चणचण माणसं कशीबशी निभावून नेतात. एकदम लागणाऱ्या रकमेपुढे मात्र घर हरतं आणि त्या रकमेच्या तारणात घरातले सगळे हात जातात, लहान हातांसकट.

मुलगा फडात दिसतो तरी. मुलगी तिथेही दिसत नाही.

बालरक्षक म्हणून स्थलांतरित मुलांच्या शोधात आम्ही शिक्षक कारखान्यांच्या भागात जातो. सांगली जिल्ह्यात एका कारखान्याच्या तळावर मी रात्री मुक्कामाला होते. माझ्या सहावीच्या वर्गातली मुलगी तिथे होती. अकरा वर्षांची. पहाटे चारच्या सुमाराला तिच्या आईने चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. पाच वाजता ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला आणि आई-वडील अंधारातच निघून गेले. मुलगी उठून बसलेलीच होती. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर चटया आणि प्लॅस्टिकचा कागद टाकलेली झोपडी. आत मोठं माणूस ताठ उभं राहू शकत नाही. वरच्या कामटीला आईच्या लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत आठ महिन्यांचा भाऊ. खाली गोधडीवर तीन वर्षांची बहीण. मुलीने झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि पायाने झोका देत देत रात्रीची भांडी घासायला घेतली. भांडी झाली तसं बाळ रडू लागलं. कोऱ्या चहात बिस्कीट बुडवून तिने ते बोटाने त्याच्या तोंडात घातलं. दूध आईजवळ, आई फडात.

मग पाणी. तळापासून बऱ्याच अंतरावर पाइपलाइनचा एक व्हॉल्व्ह गळतो, तिथे घागर भरायची. बाळाला एकटं सोडता येत नाही, कारण कुत्री फिरतात. म्हणून बाळ कडेवर, घागर डोक्यावर आणि बहिणीच्या हातात छोटी कळशी. अशा दोन खेपा. अकराच्या सुमाराला भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाळासकट ती फडाकडे निघाली. मीही तिच्याबरोबर चालले. त्या दिवशी फड जवळ होता. पोचलो तेव्हा आई घामाने चिंब. उसाच्या पात्यांनी दंडांवर बारीक चिरा उमटलेल्या. तिने हात लुगड्याला पुसले, बाळाला पदराखाली घेतलं. पाच मिनिटं, फार तर दहा. तेवढ्यात वडिलांनी तीन मोळ्या बांधल्या आणि आईकडे पाहिलं. ते बोलले काहीच नाहीत. आईने बाळ मुलीच्या हातात दिलं आणि ती उठली.

परत येताना मी मुलीला विचारलं, "फडात काम करतेस का गं?"

"नाही बाई, मी घरीच असते."

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात आम्हाला कारण भरावं लागतं. तिच्या नावापुढे 'भावंडं सांभाळते' असं लिहिता येतं, आणि बहुतेक ठिकाणी तेच लिहिलं जातं. त्या शब्दांमुळे तिचं काम हलकं वाटायला लागतं. पण जरा हिशेब करून पाहा. ही मुलगी गावी राहिली असती तर आईला कोपीवर थांबावं लागलं असतं. आई थांबली की तो अर्धा कोयता. उचल अर्धी, ऊस अर्धा. म्हणजे आईच्या वाट्याची सगळी कमाई या मुलीच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली आहे. मुकादमाच्या वहीत तिचं नाव नाही, कारखान्याच्या पावतीवर नाही. ग्रामपंचायतीतून ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं मिळतात, त्यावर आई-वडिलांची नावं असतात, कारण कामगार ते.

कायदाही तिच्याजवळ येऊन थांबतो. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांवर ठेवायला बंदी आली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला हातभार लावायची सवलत ठेवली. शेतकऱ्याचा मुलगा संध्याकाळी शेळ्या वळून आणतो, त्याला कुणी गुन्हा म्हणू नये, हा त्यामागचा विचार मला समजतो. फडावर मात्र त्या सवलतीची मोठी फट होते. तिथे शाळेची वेळ कुठली? शाळा दोनशे-तीनशे किलोमीटर मागे राहिलेली. आणि मुलीला कामावर ठेवलं कुणी, हे विचारायला गेलं तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी नवरा-बायकोला उचल दिली, पोरं त्यांची ते आणतात. शेवटी आरोपी उरतात ते आई-बाप, ज्यांच्या हातात त्यातलं काहीच नसतं. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

मुली कोपीवर अडकतात त्याला आणखी एक कारण आहे, त्याबद्दल गावात दबक्या आवाजात बोललं जातं. आईचं शरीर. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी. खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तेरा हजारांहून अधिक बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचं पुढे आलं. तेव्हा चर्चा दवाखान्यांची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या घरांमध्ये पुढे काय झालं? कंबर धरून बसलेल्या आईची मोळी कुणी उचलली? माझ्या वर्गातल्या मुलींनी उचलली. आठवीला पोचायच्या आतच.

मुलग्यांची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. टायरगाडी असलेल्या टोळीत बैलांना वैरण-पाणी करणं हे पोराचंच काम. गाडी भरून कारखान्याच्या आवारात नंबरला लागली की रात्र रात्र जाते. बाप तेवढ्यात एक डुलकी काढतो आणि पोरगं कासरा धरून बसतं, गाडी पुढे सरकली की सरकवतं. असा एक हंगाम, दुसरा हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये मूल परत येतं, तोवर वर्गात अपूर्णांक शिकवून झालेले असतात. नाव हजेरीपटावर असतं, त्यामुळे ते पुढच्या वर्गात जातं. सातवीत आल्यावर त्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत आणि चौथीतलं पोरगं घडाघडा वाचतं. मूल ते पाहतं. फडात त्याच्या हाताला किंमत आहे, बैल त्याचं ऐकतात, बाप त्याला दोन शब्द विचारतो. वर्गात त्याने मान खाली घालून बसायचं. असल्या मुलाने शाळा सोडली की आम्ही 'शिक्षणात रस नाही' असं लिहितो. त्याचा रस टिकेल असं आम्ही त्याला काय दिलं, तो रकाना अर्जात नसतो. शिक्षण हमी पत्रक देऊन आम्ही मुलांना पाठवतो, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. काही गावांतले शिक्षक मनापासून बसवून घेतात, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण टोळी दर आठ-पंधरा दिवसांनी दुसऱ्या फडावर जाते, दुसऱ्या गावच्या शिवारात. पत्रक पेटीतच राहतं.

हंगामी वसतिगृहं आहेत, आणि ती नसती तर आमच्या शाळा हिवाळ्यात ओस पडल्या असत्या. मूल गावात राहतं, शाळेत शिकतं, दोन वेळचं जेवण मिळतं. रात्री झोपायला मात्र नातेवाइकाकडे जायचं. बहुतेक वेळा आजीकडे. ज्या घरात धडधाकट आजी आहे, त्या घरातली मुलं शिकली, असं मी माझ्या गावापुरतं छातीठोक सांगू शकते. आजीच थकलेली असेल, किंवा तीही फडाला जात असेल, तर वसतिगृह असूनही उपयोग होत नाही. त्यातून मंजुरी उशिरा येते. गाड्या दिवाळीच्या सुमाराला भरून जातात आणि जेवणाचा पत्ता महिन्याभराने लागतो. तोवर मूल कोल्हापूर नाहीतर बेळगावकडे पोचलेलं असतं. एकदा गेलेलं मूल मधेच आणणं किती कठीण, हे त्या फाइलवर सही करणाऱ्याने एकदा करून पाहिलं तर पुढच्या वर्षी फाइल ऑगस्टमध्ये निघेल. संत भगवानबाबांच्या नावाने २०२१ मध्ये ८२ निवासी वसतिगृहांची योजना जाहीर झाली, ४१ तालुक्यांत मुलींसाठी एक आणि मुलांसाठी एक. राहण्याची सोय असलेलं वसतिगृह हा आजी नसलेल्या मुलीसाठी खरा आधार आहे. मात्र शंभर मुलींची जागा एका तालुक्याला किती पुरणार, हे तालुक्यातल्या कुठल्याही गावात उभं राहिलं की दिसतं.

वयात आलेल्या मुलीचं काय करायचं, हा प्रश्न आई-वडिलांच्या झोपेवर बसलेला असतो. गावी ठेवावी तर रात्री जवळ कोण? न्यावी तर कोपीला दार नाही. मग तेरा-चौदाव्या वर्षी स्थळ बघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. लग्न झालं की नवी जोडी, म्हणजे नवा कोयता, म्हणजे नवी उचल. सासरची मंडळी काही राक्षस नसतात. त्यांच्याही अंगावर मागची बाकी असते. आणि दीड-दोन वर्षांत त्या मुलीच्या कोपीत झोळी बांधली जाते, ती सांभाळायला धाकटी नणंद येते. दहा वर्षांची.

म्हणून मला सगळ्यात तातडीची गरज वाटते ती फडावरच्या पाळणाघराची. मी शिक्षिका आहे, शाळेबद्दल बोलणं हे माझं कामच आहे. पण झोळीतलं बाळ सांभाळायला मोठं माणूस मिळालं नाही तोवर त्याच्या बहिणीसाठी कितीही चांगली शाळा काढली तरी ती येऊ शकत नाही. कारखान्यांजवळ ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या साखरशाळांमध्ये हेच दिसत असे: मुली येत, पण बाळाला कडेवर घेऊन, आणि बाळ रडलं की उठून जात. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला जातो. म्हणजे शंभर कोटींची बाब आहे. त्यातून प्रत्येक तळावर एक शेड, एक नळ आणि बाळं सांभाळणाऱ्या दोन बायकांचा पगार निघणार नाही, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आमच्या गावच्या एका टोळीने हे आपल्या परीने केलं. त्या टोळीचा मुकादम आधी स्वतः कोयता होता, त्याच्या बहिणीचं बालपण कोपीवरच गेलेलं. टोळीत आपल्या मुलाबरोबर स्वयंपाकाला येणारी एक म्हातारी होती. प्रत्येक जोडीने खर्चीतून तिला थोडे पैसे द्यायचे आणि तिने तळावरची सगळी बाळं पाहायची, असं ठरलं. टायरगाडीची टोळी असल्यामुळे फड तळाजवळ होते, आया दुपारी अंगावर पाजून जाऊ शकत. त्या हंगामात तीन मुली गावी राहिल्या आणि वार्षिक परीक्षेपर्यंत एकही दिवस चुकल्या नाहीत. त्यातली एक आता नववीत आहे. पुढच्या हंगामात टोळी ट्रॅक्टरवर गेली, फड दहा-पंधरा किलोमीटरवर पडू लागले, बाळांना आयांपर्यंत न्यायचं कसं हे सुटेना आणि ती व्यवस्था मोडली.

यंदा कारखान्याच्या शेती खात्याकडे एक अर्ज गेला आहे. टोळीला तळाजवळचे फड द्यावेत, तळावर पत्र्याचं एक शेड द्यावं आणि म्हातारीची मजुरी तोडणीच्या बिलात वेगळी धरावी. अर्जावर मुकादमाची सही आहे, माझी आहे, अकरा आयांचे अंगठे आणि सह्या आहेत. उत्तर आलेलं नाही. पोळ्याच्या आत ते यायला हवं. पोळा झाला की उचली वाटल्या जातील, आणि घराने उचल घेतली की मुलगी कुठे राहणार हे त्याच दिवशी ठरून जातं.